खवचट

मळवली स्टेशनच्या बाकावर, पुण्याच्या लोकलची वाट बघत.

लोहगडाला निघालेल्या एका पोराचे पांढरेशुभ्र बूट निरखत शेजारचे आजोबा म्हणाले, "छान आहेत हो. घरीच ठेवून आला असतात तर आणखी टिकले असते." पोरगं 'थँक्यू काका' म्हणून भाजे गावाच्या वाटेला लागलं. आजोबा पुन्हा तंबाखू मळू लागले. चेहरा अगदी सोज्वळ!

याला खवचट म्हणायचं. कुजकट नव्हे. कुजकट बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी सलत असतं आणि ते कळतंच. खोडसाळ माणूस काडी टाकून पसार होतो. शिवाय 'खोडसाळ वृत्त' म्हटलं की पुढाऱ्यांचा खुलासा आलाच. खवचट बोलणं मात्र वरून निरुपद्रवी. जाब विचारायला जावं, तर 'मी काय वाईट बोललो?' हे उत्तर तयार. पुणेरी पाट्या याच वाणाच्या. आपण त्यांचे फोटो काढतो, हसतो. त्या दारी दुपारी दोन वाजता बेल वाजवायची वेळ आपल्यावर आली नाही तोवर.

हेच चारचौघांनी मिळून केलं की काय होतं, ते नाटककार विजय तेंडुलकरांनी १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये दाखवलं. वेळ घालवायला मांडलेला अभिरूप खटला, आरोपी बेणारे बाई, सगळे हसतखेळत. आणि बघता बघता तिच्या खासगी आयुष्याचे लचके तोडणं सुरू. वर 'खेळच तर होता' ही सबब आहेच. त्या मंडळींना नुसतं खवचट म्हणणं म्हणजे फारच सवलत झाली.