बोलता येईल इतका वेग

आमच्या वेळी सोलापुरात दम वाढवायला म्हणून कुणी सायकल चालवत नसे. गिरणीचा भोंगा झाला की हँडलला डबा अडकवलेल्या सायकलींनी रस्ता भरून जायचा. दम त्यातच वाढायचा. पण बिनगिअरची जड सायकल आणि सीटची उंची कशीतरी. वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जण पन्नाशीतच गुडघे धरून बसलेले आम्ही पाहिले.

आताची मुलं अभ्यास करून उतरतात. रविवारची लांबची फेरी बेताबेतानं वाढवायची, तीन आठवडे वाढवली की चौथा हलका ठेवायचा. जोर लावला तर अंगातली साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपते, म्हणून दर तासाला काहीतरी खायचं. काहींचं लक्ष्य ब्रेव्हेचं असतं: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, मग 300, 400, आणि 600 चाळीस तासांत.

आमची मजल तुळजापूरची, साधारण 45 किलोमीटर. हिप्परग्याच्या तलावापाशी पहिला थांबा, तामलवाडीला दुसरा, पुढे घाटात सायकल हातात धरून चालायचं. अंगाला घाम असताना पाणी पिऊ नये, असं मोठी माणसं सांगत आणि आम्ही ते पाळत असू, तेही पारा 43 वर असताना! लिंबाखाली चक्कर येऊन पडलेल्या पोरांना पाणी आणि मीठ हवं होतं, हे आता कळतं. ते दिवस परत यावेत असं कोण म्हणेल?

तरी निघण्याच्या आदल्या संध्याकाळची हुरहूर जात नाही. सायकल ओव्हरऑइलिंगला टाकलेली. घमेल्यातल्या गढूळ पाण्यात फुगवलेली ट्यूब बोटाबोटानं फिरायची, बुडबुडा दिसला की तिथं खूण. मग पॉलिश पेपर, सोल्युशन, त्यावर फुंकर. चाकाचा आऊट काढताना दुकानदार एक डोळा मिटून रिम न्याहाळायचा आणि आम्ही भोवती उकिडवे बसून उद्या कडक भाकरी कुणाची, शेंगाचटणी कुणाची, ते ठरवायचो. आज वाटेत ट्यूब बदलली की पाच मिनिटांत पुढे. सोय मोठीच, पण बसणं गेलं.

लांब पल्ल्याचा पाया घालताना सलग बोलता येईल इतकाच वेग ठेवा, असं आताचे प्रशिक्षक सांगतात. आम्ही खरोखरच बोलत जायचो, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून, आणि ज्याचा दम कमी त्याचा वेग तो सगळ्यांचा. आता मनगटावरच्या ठोक्यांप्रमाणे जो तो आपल्या वेगानं जातो. मात्र आमच्या त्या टोळीत एकही मुलगी नसायची. शाळा सुटली की बहिणींची सायकलही सुटायची. आज मुली पहाटे दिवे लावून निघतात, तेव्हा फार बरं वाटतं. त्यांना त्या खांद्यावरच्या हाताबद्दल सांगावंसं वाटतं. पण रस्ता आता चौपदरी, ट्रक भरधाव. तिथं जोडीनं जा, असं मी घरच्या पोरांनाही सांगणार नाही.