पक्की खोली, कच्ची खोली

शेगाव स्टेशनात गाडी थांबते न थांबते तोच कचोऱ्यांच्या टोपल्या डब्यात शिरतात. गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेला भक्त असो की नागपूरला निघालेला वकील, कागदातल्या गरम कचोरीला आणि सोबतच्या तळलेल्या हिरव्या मिरचीला कुणी नाही म्हणत नाही. ही कचोरी आता विदर्भाची खूण झाली आहे. पण ती स्टेशनावर पहिल्यांदा तळली ती फाळणीनंतर पंजाबातून इथवर आलेल्या तीरथराम शर्मांनी, १९५० च्या सुमारास. महाराजांनी समाधी घेतली १९१० साली. म्हणजे भक्तांची रीघ आधीपासून होती, फक्त त्यांच्या हातात कचोरी नव्हती.

ही माहिती प्रवाशाला समोरच्या बाकावरच्या अकोलेकर गृहस्थाने पुरवली आणि मिरचीचं देठ खिडकीबाहेर टाकत पुस्ती जोडली, "कचोरी पंजाब्याची, पापड सिंध्याचे, कापड मारवाड्याचं. आपल्या वऱ्हाडी माणसाचं काय हाये जी? भूक!"

प्रवासी कल्याणचा. जुनी गॅझेटियरं वाचायचा त्याला कॉलेजपासून नाद. ठरलं होतं ते असं की अमरावतीमार्गे परतवाडा, तिथून चिखलदरा आणि मग गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने घेतलेला तो किल्ला एकदा पायांखालून घालायचा. सोबत नकाशा होता, तटाचे टिपण होते, चढणीचे बूटही होते. पण त्या 'भूक' शब्दाने घोळ केला आणि तो अकोल्यालाच उतरला.

लॉज स्टेशनजवळ मिळाला, म्हणजे पत्करला. खोलीत कूलर होता, पण त्यातल्या गवताला मागच्या उन्हाळ्याचा वास होता. मार्च लागलेला, दुपारी अकोला आपली ओळख करून देऊ लागलेलं. सकाळी खाली मिळाला तो देशभर कुठल्याही लॉजात मिळतो तसला पांढुरका उपमा. बाहेर चार पावलांवर कढईत आलूबोंडे फुगत असताना माणसाने हे का खावं, याचं उत्तर मॅनेजरकडे नव्हतं. रिक्षावाल्याचा आग्रह राजराजेश्वराचं मंदिर आणि असदगड दाखवण्याचा. दोन्ही पाहून झाले. मोर्णेकाठचा किल्ला पाऊण तासात उरकला. औरंगजेबाच्या काळातल्या असदखानाचं नाव त्याला मिळालं, एवढं टिपून प्रवाशाने रिक्षा सिंधी कॅम्पाकडे वळवायला लावली.

"तिकडं पाहाण्यासारखं काय हाये? पक्की खोली का कच्ची खोली?" रिक्षावाल्याने विचारलं.

प्रवाशाला वाटलं, हा लॉजविषयी विचारतोय. पण सिंधी कॅम्पातल्या वस्त्यांची ती नावंच आहेत. आजही पत्त्यात तशीच लिहितात, दुकानाच्या पाटीवर तशीच रंगवतात. निर्वासितांना मिळालेला निवारा कुठे पक्का, कुठे कच्चा. त्यावरून पडलेली नावं. आता कच्च्या खोलीत तीन मजली घरं आहेत, खाली संगमरवरी पायऱ्या, वर जाळीच्या गॅलऱ्या. पण नाव सोडायला कुणी तयार नाही. महाराष्ट्रात नगरांची नावं बदलण्याचा एवढा उत्साह असताना ही दोन नावं तगली आहेत याचं प्रवाशाला विशेष वाटलं.

कल्याणच्या माणसाला सिंधी वस्ती नवी नाही. कल्याणशेजारच्या लष्करी छावण्यांत निर्वासित भरले गेले आणि १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, हे त्याला पाठ होतं. पण वऱ्हाड तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतं. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात ते मोडत होतं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबईला आणि काठेवाडच्या बंदरांत उतरले, रेल्वेने राजस्थानात आले. किनाऱ्यावर जागा पुरेना तशा गाड्या आत, देशाच्या पोटात सोडल्या गेल्या. पंजाब आणि बंगाल निदान अर्धे तरी इकडे राहिले. सिंध मात्र अख्खा तिकडे गेला. त्यामुळे अकोल्याच्या फलाटावर उतरलेल्या माणसाला 'आपल्या प्रांतात' असं जायला कुठेच नव्हतं. भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळायलाही १९६७ साल उजाडलं.

कॅम्पातल्या बाजारात प्रवासी दाल पकवान शोधत हिंडला. चण्याच्या डाळीवर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा, सोबत कुरकुरीत तळलेली मैद्याची पुरी. उल्हासनगरात रविवारी सकाळी यासाठी रांगा लागतात. इथे ते मिळतं, पण सकाळीच संपलेलं होतं. गाड्यांवर मात्र समोसा, कचोरी, आलूबोंडा, भजी, म्हणजे जे अकोला खातो ते सगळं. कोकी, साई भाजी, कमळकाकडीची म्हणजे 'भी'ची भाजी यांतलं काहीच दुकानात नाही.

पापडाच्या दुकानातल्या आजींना त्याने कारण विचारलं. त्यांनी आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला; सिंधी घरी पाहुण्याचं स्वागत असंच होतं, ते दुकानातही चुकलं नाही. मग त्या अस्सल वऱ्हाडीत म्हणाल्या, "कोकी कोन इकत घेईन जी? ते तं घरी करतेत. धंद्यात तुमाले पायजे ते ठेवा लागते."

या एका वाक्यात प्रवाशाला त्याच्या चार पुस्तकांत न सापडलेलं उत्तर मिळालं. मोठ्या शहरांत परप्रांतीयाचं खाणं हाच त्याचा धंदा होतो. मुंबईत इराण्याने इराणी हॉटेल काढलं, उडप्याने उडपी. छोट्या शहरात आलेल्याला असं आपलं ताट मांडून बसता येत नाही. गिऱ्हाइकाच्या जिभेला काय लागतं ते आधी शिकावं लागतं. पंजाबी माणसाने शेगावात छोले भटुरे नाही विकले, गाडीत न सांडता खाता येईल अशी कचोरी विकली. आपली चव घरात, पडद्याआड राहिली.

पडदा दूर होतो तो सणाला, आणि प्रवाशाचं नशीब की होळी जवळ आली होती. मिठाईच्या दुकानांत घीअर मांडले होते. आंबवलेल्या मैद्याचे, ताटाएवढे, केशरी. जिलबीचा थोरला भाऊ म्हणावा असे, पण गोडाआधी जिभेला हलका आंबटपणा लागतो. मराठी गिऱ्हाईकही घेत होतं. एका बाईंनी ही मोठी जिलबी म्हणून मागितली, दुकानदाराने दुरुस्ती न करता बांधून दिली. चेटीचंडला गोड ताहिरी भात होतो. श्रावणात थादडीला आदल्या दिवशी केलेलं गार अन्न खायचं असतं, चूल पेटवायची नसते. आपल्याकडच्या शिळा सप्तमीशी याचं नातं स्पष्ट आहे. पण त्यावर प्रबंध लिहायची हौस प्रवाशाने आवरली आणि आणखी अर्धा घीअर घेतला.

संध्याकाळी शहराच्या जुन्या भागातून चालताना दुसऱ्या एका स्थलांतराच्या खुणा दिसू लागतात. त्या खोल्यांच्या नाहीत, इमारतींच्या आहेत. सावतराम मिल हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. वाणिज्य आणि विज्ञानाची महाविद्यालयं तोष्णीवालांच्या नावाची. राजस्थानातून ही कुटुंबं कापसामागे आली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवलं, १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद पडून इथल्या रुईला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. जिनं उभी राहिली, प्रेस उभे राहिले, पेढ्यांवर गाद्या पडल्या. पेढीमागोमाग स्वयंपाकाचा महाराज आला, हलवाई आला.

या लोकांनी शहर किती आपलं केलं याचं उदाहरण म्हणजे ब्रिजलाल बियाणी. जन्म १८९६, अकोला जिल्ह्यातलाच, घराणं माहेश्वरी. अकोल्याहून 'मातृभूमी' हे मराठी पत्र त्यांनी काढलं, पुढे जुन्या मध्य प्रदेशाचे अर्थमंत्री झाले, आणि लोकांनी त्यांना पदवी दिली ती 'विदर्भकेसरी'. वेगळ्या विदर्भाचा झेंडा खांद्यावर घेतलेला माणूस मूळचा राजस्थानी कुळातला, यावर पुण्या-मुंबईत तेव्हा कुजकट बोललं गेलं असेलच. ८ ऑगस्ट १९४७ रोजी याच शहरात अकोला करार झाला. वऱ्हाडाने पश्चिम महाराष्ट्राशी कोणत्या अटींवर नांदायचं, याचा खल त्यात होता. वऱ्हाड कुणाचं याची ही बोलणी झाली आणि आठवडाभरात देशाची फाळणी झाली. मग गाड्या भरून जी माणसं उतरली, त्यांना या करारात कुणी धरलेलं नव्हतं.

अमरावतीचा रस्ता शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. मूर्तिजापूर ओलांडताना 'शकुंतला' रेल्वेचे अरुंद रूळ दिसतात का म्हणून प्रवाशाने मान लांब केली. बाजूच्या ट्रकने तेवढ्यात नेमका आडोसा धरला. अमरावतीत अंबादेवी आणि एकवीरा यांना लांबूनच हात जोडून झाले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बाहेरून पाहिलं. त्याला ओढ परकोटाची होती.

निजामाच्या राजवटीत १८०७ पासून हा दगडी कोट बांधायला घेतला. पेंढाऱ्यांपासून इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं हा हेतू. पाच दरवाजे, चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणूस जाईल एवढी दिंडी. त्यातली एक खूनारी खिडकी. मोहरमच्या वेळी झालेल्या मारामारीत तिच्यापाशी ७०० माणसं मेली म्हणतात. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावं रिक्षांच्या पुकाऱ्यात रोज येतात. जवाहर गेटातून स्कूटर, हातगाड्या आणि एखादी गाय एकाच वेळी जाऊ पाहतात. कोटाच्या दगडांना टेकून कपड्यांची दुकानं आहेत, काही ठिकाणी भिंतीचाच माल टांगायला उपयोग.

तिथेच चहाच्या टपरीवर इतिहासाचे एक निवृत्त मास्तर भेटले आणि प्रवाशाचा पुढचा दिवस गेला. प्रवाशाने गॅझेटियरच्या भरवशावर सांगितलं की रेल्वेने वऱ्हाडचा कापूस जगात नेला. मास्तरांनी कप खाली ठेवला. "रेल्वे? अहो, तुमच्याच गॅझेटियरात आहे. १८४२ साली इथल्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे रवाना केला. रेल्वेला तेव्हा पंचवीस वर्षं होती."

एक लाख बैल हा आकडा प्रवाशाला पचेना. एवढ्या बैलांना वाटेत चारा-पाणी कुठलं? मास्तर म्हणाले, लमाणांचे तांडे विसरलात. मिर्झापूरपर्यंत तांडा, पुढे गंगेतून नाव. एकदम नसतील निघाले, हंगामभर निघाले असतील. प्रवाशाने मग पवित्रा बदलला. म्हणजे व्यापारी बाहेरचे, वाहणारे लमाण, विकत घेणारे इंग्रज. कोटही व्यापाऱ्यांसाठी बांधलेला. मग शहर कुणाचं? मास्तर गरम झाले. "कोट सावकारांसाठी, कबूल. पण पैसा कुठून आला? सारा भरला तो आमच्या कुणब्यानं, आणि तो कोटाबाहेर राहिला. पेंढारी पहिल्यांदा त्याच्याच घरात घुसायचे." हे मात्र गॅझेटियरात नव्हतं आणि खोडूनही काढता येण्याजोगं नव्हतं.

वाद गिलावड्याच्या गाडीपर्यंत चालत गेला. डाळीचे वडे पाण्यात मुरवून, हलके पिळून, वर दही, गोड आणि तिखट चटण्या. अमरावतीकर याच्यावर भांडायला उठतात: कुठली गाडी खरी, कुठली नकली. गाडीवाल्याची हिंदी राजस्थानी वळणाची, गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी. मास्तरांच्या मते हा पदार्थ शुद्ध अमरावतीचा. मारवाडी घरांतल्या दहीवड्याकडे प्रवाशाने बोट दाखवताच मास्तरांनी त्याची प्लेट काढून घेण्याची धमकी दिली.

दुपारी प्रवासी एकटाच रामपुरी कॅम्पात गेला. कोटाच्या बाहेर हा, आणि जवळच कंवरनगर. ते नाव भगत कंवररामांचं, पायात घुंगरू बांधून भजनं गाणाऱ्या सिंधी संताचं. १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधल्या रुक स्टेशनावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. फाळणी पुढे आठ वर्षांवर होती, तरी बऱ्याच सिंध्यांच्या मनातली भीती त्या फलाटापासून सुरू होते. इथे त्यांच्या नावाच्या वस्तीत मुलं चौकात क्रिकेट खेळत होती आणि एकमेकांना "काहून बे" म्हणत होती.

या वस्तीतून कापडाचे गठ्ठे सायकलवर लादून गावोगाव विकणाऱ्यांची पुढची पिढी आज नागपूर रस्त्यावर नांदगावपेठच्या बाजूला, बिझीलँड आणि सिटीलँड नावाच्या घाऊक बाजारांत बसते. गावखेड्यातला दुकानदार लग्नसराईचा माल भरायला तिथे येतो. प्रवाशाने तिथे चक्कर टाकली. चकचकीत गाळे, एसी, चहा आग्रहाने. पण ते बाजार पोट भरलेल्या माणसासाठी आहेत आणि त्याला भूक लागली होती, म्हणून तो परत कॅम्पात आला.

एका भाजीच्या ठेल्यावर अखेर भी दिसली. चिखलाने माखलेली, मनगटाएवढी जाड. शेजारी उभ्या सिंधी काकूंनी ती त्याच्या हातातून घेऊन दोन्ही टोकं तपासली. टोकं बंद असलेलीच घ्यायची, उघड्या टोकाच्या भोकांत गाळ जातो, आणि मग कितीही धुवा, दाताखाली वाळू येते. कुकरला चांगल्या शिट्ट्या द्यायच्या. कांदा-टोमॅटो तव्यावर सावकाश. "अन् खोबरं नका टाकू, कोकणातल्यासारखं," त्यांनी बजावलं. कल्याण त्यांच्या हिशेबी कोकणात होतं.

अर्धा किलो भी पिशवीत घेऊन तो स्टँडवर आला तेव्हा चिखलदऱ्याची बस सुटून गेली होती. परतवाड्याची मिळाली असती, पण तिथे मुक्काम करून सकाळची गाडी धरायची म्हणजे भी सुकणार. चौकशीच्या खिडकीवर त्याने बडनेऱ्याहून कल्याणकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीची वेळ विचारली. मागे रांगेत मास्तर उभे होते, कुठल्याशा गावी निघालेले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "लमाणांच्या एका बैलावर किती मण कापूस लादत, हे काढून ठेवलंय मी. लिहून घ्या."