दोन कादंबऱ्यांच्या वाचनांत

गेल्या पावसाळ्यांत मलकापुरास संततधार लागली असतां आम्हीं दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः येऊं लागली. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. हरिभाऊंचा पाल्हाळ मधून मधून थकवितो खरा. तरी यमूच्या केशवपनापाशीं आमचे डोळे भरून आलेच. पणजीचें आलवण घरच्या आठवणींत अद्याप आहे, तेव्हां त्यांत नवल तें काय?

पण 'धग'मधील कौतिक वऱ्हाडी बोलूं लागली, आणि आम्ही चपापलों. खानदेशची सरहद्द जवळ असल्यानें इकडच्या बोलींत किंचित् फरक पडतो. सूर मात्र तोच. हा आवाज कित्येक वर्षें आमच्या परसदारीं धुणीं-भांडीं करीत होता! त्या बाईची नक्कल करून आम्ही भावंडें जेवतांना हसत असूं. मातुःश्री दटावीत, त्याही हसूं दाबूनच. कौतिक मुलाच्या शिक्षणासाठीं जिवाचें रान करिते. आमच्या बाईचा मुलगा शाळेंत जात होता कीं नाहीं, हें आम्हीं कधींच विचारिलें नव्हतें.

थोरल्या बंधूंस विचारून पाहिलें. त्यांस तिचें नांवही आठवेना.