कान की स्पीकर?

गाडी जुनी, आणि तिचे स्पीकर त्याहून थकलेले. आर्वी-वर्धा रस्त्यावर तुकडोजी महाराजांची भजनं लावली की खंजिरीच्या जागी नुसती खरखर! "माझे कानच गेले आता," म्हणत बाबा आवाज वाढवायचे. दाराचं पॅनल काढलं तेव्हा कळलं, कोनच्या कडेचा फोम फाटलाय. वर्ध्याचं ऊन, दुसरं काय.

बजेट दोन हजार. दुकानदार खोक्यावरचे ३०० वॅट दाखवत होता. पण आपल्या स्टिरिओत तेवढा जोर कुठून येणार? अशा वेळी सेन्सिटिव्हिटी बघायची. ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट पॉवर दिल्यासारखं. ४ ओहमचे, ९१ डेसिबलचे साधे कोॲक्सियल घेतले. ॲम्पचा खर्च वाचला.

परतताना खंजिरी स्वच्छ वाजली. बाबांनी स्वतःच आवाज कमी केला.