अनुभवाचे गुण कशाचे द्यायचे?



‘अनुभव’ या शब्दाची ओळख आपल्या आखाती मंडळींना करून द्यायला नको. नोकरीची कोणतीही जाहिरात वाचा, पहिली अट तीच. त्यातही ‘गल्फचा अनुभव’ हे प्रकरण वेगळेच! भोसरीत किंवा अंबरनाथला पंधरा वर्षे घासलेला माणूस इथे उतरतो आणि त्याचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आमच्यापैकी दोघांचे तसेच झाले. म्हणूनच की काय, आमच्या मुलांच्या एका खेळात ‘अनुभवाचे गुण’ मोजतात असे कळले तेव्हा आम्ही कान टवकारले.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. नजमा, अल साद, वक्रा आणि अल खोर इथल्या आमच्या चार कुटुंबांतली सहा मुले दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमून तो खेळतात. ना टीव्ही, ना कॉम्प्युटर. कागद, पेन्सिल आणि फासे, त्यातला एक तर चक्क वीस बाजूंचा! एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. पराक्रमाला गुण मिळतात आणि ठरावीक गुण साठले की पात्र वरच्या पायरीवर चढते. आपल्या मोक्षपटातही, म्हणजे सापशिडीच्या पूर्वजात, सद्गुणांच्या शिड्या होत्याच. पण तिथे शिडी मिळणे दानावर अवलंबून. इथे कशाने वर चढायचे ते माणसे ठरवतात, आणि खरी गंमत (खरी भांडणेही!) त्यातच आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. सुरुवातीच्या नियमांत सोन्याचे एक नाणे सुखरूप घेऊन परतले की एक गुण. राक्षस मारण्याचेही गुण होते. १९८१च्या पुस्तकात गॉब्लिन नावाच्या खुज्या राक्षसाचे अवघे ५, आणि योद्ध्याला दुसऱ्या पायरीसाठी हवेत २,०००! म्हणजे एकट्याने ४०० गॉब्लिन लोळवायचे. त्यापेक्षा न लढता खजिना उचलून आणणारा शहाणा. पुढे १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि भर शत्रूला हरवण्यावर व मोहीम फत्ते करण्यावर आला.

आमच्या मुलांनी दोन्ही पद्धती पाळीपाळीने खेळून पाहिल्या. सोन्याचा नियम होता तेव्हा ती दाराला कान लावायची, राक्षसांशी वाटाघाटी करायची, मागच्या वाटेने सटकायची. राक्षसांचे गुण वाढताच तीच मुले दार उघडण्याआधी तलवार उपसू लागली. एका म्हाताऱ्या राक्षसिणीला गुहेतून बाहेर पडायची वाट ठाऊक होती. तिलाही गुणांसाठी मारून मोकळी झाली आणि मग दोन शुक्रवार अंधारात चाचपडत बसली. मुले तीच, खेळ तोच, फक्त बक्षीस बदलले. आम्ही आईबाप चहा घेत हे ऐकत होतो आणि प्रगतिपुस्तके आठवून एकमेकांकडे पाहत होतो!

दुसरेही मार्ग आहेत. १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळात असे गुण साठवायचेच नाहीत. जे कौशल्य यशस्वीपणे वापरले त्यापुढे खूण करायची, मोहीम संपली की फासे टाकायचे, आणि हातात असलेल्या कौशल्याच्या आकड्यापेक्षा जास्त पडले तरच ते वाढते. म्हणजे नवशिका भराभर पुढे जातो, तरबेज माणसाला थोडीशी वाढही जड जाते. ‘हे मात्र अगदी खरे,’ असे आमच्यातले वेल्डिंगवाले काका म्हणाले. २०१२च्या ‘डंजन वर्ल्ड’मध्ये तर दान फसले की एक गुण मिळतो. आमच्यातली सर्वांत धाकटी चुकेल या भीतीने तोंडच उघडत नसे. हा नियम उसना घेतल्यावर ती पुढे होऊन कुलपे उघडायला लागली. दहातली सात उघडत नाहीत, पण ती उघडायला जाते.

खरा पेच पडला तो निराळ्याच कारणाने. साताऱ्याला आजोबा आजारी पडले म्हणून आमच्यातला एक बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर गेला आणि सहा महिन्यांनी परतला. तोवर बाकीची पात्रे चौथ्या पायरीवर पोहोचली होती, त्याचे पात्र पहिल्यावरच. चौथ्या पायरीचा राक्षस त्याला एका फटक्यात आडवा करणार! मग त्याला गुण द्यायचे का? ‘आम्ही खेळलो, त्याला फुकट का?’ हा एक पक्ष. ‘तो काय मजेने गेला होता?’ हा दुसरा. २०१४च्या आवृत्तीच्या मार्गदर्शक पुस्तकात पाहिले तर तिथेही दोन्ही वाटा: एरवी जो हजर त्यालाच गुण, पण काही सूत्रधार गैरहजर पात्रालाही तितकेच देतात.

सूत्रधार होती दहावीतली ताई. तिने त्यालाच विचारले, ‘तू तिकडे काय काय केलंस?’ तो आधी ‘काही नाही’ म्हणाला. मग हळूहळू निघाले. आजोबांना एसटीने ड्रेसिंगला न्यायचे, केसपेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे, रात्री त्यांना पोथी वाचून दाखवायची. आजोबा गेले त्या दिवशी मामांना फोन त्यानेच केला. खोलीत कोणी बोलेना. ताईने वहीत त्याच्या नावापुढे ४ लिहिले आणि म्हणाली, ‘चला, फासे काढा.’

सगळ्यांना ते पटले असे नाही. आमच्यातला सर्वांत मोठा मुलगा दोनतीन आठवडे घुश्शातच होता, आणि त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या जूनमध्ये तोच अकरावीसाठी पुण्याला गेला. विमानतळावर त्याने काय विचारावे? ‘माझा योद्धा मागे राहणार नाही ना?’

मंडळी, आपली मुले जाणारच. कोणी बारावीनंतर, कोणी बाबांचे कंत्राट संपले म्हणून, कोणी आजीआजोबांसाठी. इथे न काढलेले दिवस रिकामे नसतात, हे आपल्याला आपल्याच अनुभवावरून ठाऊक आहे. आपली पंधरा वर्षे कोणी मोजली नाहीत तेव्हा कसे वाटले ते आठवावे. त्या वहीत आता आठ नावे आहेत. त्यातली तीन मुले कतारमध्ये नाहीत. बाकीचे एक पायरी चढले की त्या तिघांचाही आकडा बदलतो. सुट्टीत कोणी आले की आधी तिकडची हकिकत सांगायची, मग फासे हातात घ्यायचे, एवढीच अट.

आपल्या मुलांनाही खेळायचे असल्यास पुढच्या स्नेहसंमेलनात आम्हाला जरूर भेटावे. फासे आमच्याकडे आहेत. पेन्सिल मात्र ज्याची त्याने आणावी!