कन्फ्यूजन

भिलाईत या शब्दाला घरोघरी मुक्तद्वार आहे. सेक्टरमधल्या क्वार्टरात आई मराठीत हाक मारते, पोर हिंदीत ओ देतं, शेजारच्या काकू छत्तीसगढीत विचारपूस करतात. आणि अडलं की तिघांच्याही तोंडी एकच शब्द येतो: कन्फ्यूजन. त्याला इथे कुणी परकं समजत नाही.

त्याचं कूळ मात्र दूरचं, लॅटिन. ‘कॉन’ म्हणजे एकत्र, ‘फुंडेरे’ म्हणजे ओतणं. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं तेव्हा ते मोठं उग्र होतं. पराभव, सर्वनाश, मानहानी असे अर्थ अंगावर वागवायचं. पुढे ते निवळलं. धातू ओतणारी फाउंड्री त्याच्याच गोत्रातली, आणि वितळून घर वाचवणारा विजेचा फ्यूजही.

म्हणूनच पोलादाच्या गावात ते शोभतं. कन्व्हर्टरमध्ये आधी भंगार पडतं, मग लॅडलमधून धगधगतं हॉट मेटल, म्हणजे वितळलेलं लोखंड, ओततात, चुना घालतात, वरून ऑक्सिजनचा झोत सोडतात. आत नुसता कल्लोळ माजतो. त्या कल्लोळातच कार्बन जळून जातो, हलका स्लॅग वर तरंगतो आणि खाली पोलाद तयार होतं.

गावही असंच घडलं. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. रशियन तज्ज्ञ आणि दुभाषे आले. बंगाली, तेलुगू, मल्याळी, मराठी कुटुंबं आली. आणि ज्यांच्या शेतांवर कारखाना उभा राहिला ती छत्तीसगढी माणसं तर इथलीच. एकमेकांचं बोलणं कळेना, तरी भट्टी पेटली.

आपला गोंधळ तरी वेगळा कुठे आहे? लग्नानंतर देवीपुढे संबळ घुमतो, तुणतुणं वाजतं, गोंधळी ठिकठिकाणच्या देवांना नावानिशी बोलावतो. दाटी होते, पण ती मांडलेल्या चौकाभोवती, दिवटीच्या उजेडात.

पोर वहीवरून मान वर करून “कन्फ्यूज झालो” म्हणालं की आपण त्याच्यावर खेकसतो. तसं करू नये. दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकदम ओतल्या गेल्या आहेत, हे ते प्रामाणिकपणे सांगत असतं. शेजारी बसावं आणि विचारावं, “काय काय एकत्र झालंय, सांग बघू.” सांगता सांगता त्याचं त्यालाच उलगडू लागतं.