घाटातली वळणे

बेळगावहून मंगेशीस जाताना चोर्ला घाट लागला की आमचे वडील खिडकीची कड घट्ट धरीत. वळणावर आमची जुनी मोटार इतकी कलंडे की त्यांना मळमळू लागे. पुढे पुढे तर त्यांनी येणेच टाळले. कुलदेवाचे दर्शनही राहू लागले.

मिस्त्रींनी पुढचा स्टॅबिलायझर बार बदलावयास सांगितले. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा. वळणावर एक बाजू दबली की तो पिळला जातो आणि मोटारीचे कलणे आवरतो. आम्ही २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा बसविला. दोन मिलिमीटरांनी असे काय होणार? पण दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे सुमारे ४६ टक्के!

‘वेग मात्र वाढवू नका,’ मिस्त्रींनी बजावले. पुढचा बार ताठ झाला की भर वेगात मोटारीचे तोंड वळणाबाहेर सरकू पाहते. शिवाय एका चाकाचा धक्का तो दुसऱ्या बाजूसही पोहोचवितो, आणि खड्ड्यांची तर आमच्या वाटेवर वाण नाही.

वडील आले. घाट उतरल्यावर आम्ही भीत भीत विचारले.

‘मळमळले नाही,’ ते म्हणाले, ‘पाठ तेवढी भरून आली. पुढल्या खेपेस उशी घ्या.’